टप्प्यातलं धावणं

ओउलूत बाळं बाहेर झोपतात.
उणे अकरा असलं तरी. बाबागाडीत,
लोकरीच्या दोन थरांत,
नाकाचा शेंडा तेवढा उघडा.
माझी आईही मला असंच झोपवायची म्हणे,
आणि खिडकीआड कॉफी प्यायची.

मी कॉफी पीत नाही. बूट बांधतो,
खिळ्यांचे, बर्फावर करकरणारे,
आणि लेम्पीच्या उशाशी यंत्राचा एक कान ठेवून
दुसरा खिशात घालून निघतो.

यंत्राचा टप्पा दोनशे मीटर.
डब्यावर तीनशे लिहिलंय,
पण डब्यावर काय, काहीही लिहितात.
डावीकडे सायकलींच्या छपरापर्यंत,
उजवीकडे सतरा नंबरच्या दिव्यापर्यंत
तिचा श्वास ऐकू येतो.
पुढे नुसती खरखर.
खरखर आली की वळायचं.

पूर्वी मी नदीकाठानं समुद्रापर्यंत जायचो,
गोठलेल्या समुद्रावरही थोडा.
दहा किलोमीटर, एकोणचाळीस मिनिटं,
हे कुणी न विचारता सांगायचो.
आता घाण्याच्या बैलासारखा
आमच्याच इमारतीभोवती.
इनकेरी म्हणते, तुझ्या पायांनी बर्फात चर पडलाय,
विमानातून दिसत असेल.
म्हणते आणि जांभई देते.
हल्ली आमचं बरंचसं बोलणं जांभयांतूनच होतं.

पोट सुटलंय.
तिनं टाकलेलं, आम्ही टाकलेलं,
रात्री तीनला उभ्यानं खाल्लेला राईचा पाव,
सगळं तिथं जमा.
परवा तिला घेऊन चौथा मजला चढताना धाप लागली
तर माझ्या गळ्याशी कान लावून
ती गंभीरपणे ऐकत राहिली,
डॉक्टरसारखी.
म्हणून हे.

मार्चमधला मंगळवार. ऊन पडलेलं.
एकविसावी फेरी, इमारतीच्या मागच्या अंगाला,
खिशातला श्वास एकसारखा,
आणि मग एकदम काहीच नाही.
खरखरही नाही.

शांतता मला ठाऊक होती,
आमच्याकडे ती भरपूर आहे.
ही निराळी.

धावलो. म्हणजे तोवर जे करत होतो
त्याला धावणं म्हणत नाहीत, हे तेव्हा कळलं.
श्वास मोजला नाही, पावलं मोजली नाहीत,
कोपऱ्यावर घसरलो, गुडघा फुटला,
उठलो कधी ते आठवत नाही,
आणि भिंतीलगत, बाल्कन्यांच्या खाली,
बाबागाडीच्या चाकांच्या खुणा.
फक्त खुणा.

तळमजल्यावरच्या राउहाबाई
अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, उन्हात,
हातात फावडं,
एका पायानं बाबागाडी झुलवत.
त्यांनी वर बोट दाखवलं.
वळचणीला हाताएवढाले बर्फाचे सुळे.
"ठिबकायला लागलेत," म्हणाल्या.
बस्स, एवढंच.
यंत्र त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं होतं,
बंद करून.
"उगाच घुं घुं करत होतं."

लेम्पी झोपलेली.
मी ओणवा, हात गुडघ्यांवर, तोंडातून वाफ,
आभार मानायला जावं तर नुसता भाता.
राउहाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"तब्येतीकडे बघ हं जरा."

रात्री घड्याळानं कळवलं:
अभिनंदन, आजवरचे सर्वांत वेगवान दोनशे मीटर.
ते मी इनकेरीला दाखवलं नाही.
गुडघ्याचं विचारलं, तर घसरलो म्हणालो,
जे खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लांब काठीनं
सगळे सुळे पाडले, शेजारच्या इमारतीचेही.
राउहाबाई म्हणाल्या, मी आहे तासभर अंगणात,
जा की समुद्रापर्यंत.
निघालो.
सतरा नंबरच्या दिव्याशी आलो,
खिशात यंत्र नव्हतं,
खरखर कुठली,
तरी पाय आपसूक वळले.

लांबून राउहाबाई
फावडं हलवून मला हाकलत होत्या.